मुंबई केंद्रशासित होता होता राहिली

आज भारतात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. या दुसऱ्या यादीत मुंबईचंही नाव आलं असतं. जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली. काळाचौकी, लालबाग, परळचा गिरणी कामगार रस्त्यावर उतरला, पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं गेली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. तरीही १ नोव्हेंबर १९५६ ला पदरात पडलं ते द्वैभाषिक: कच्छपासून विदर्भापर्यंत एकच राज्य, राजधानी मुंबई. मुंबईसह महाराष्ट्र मिळायला १ मे १९६० उजाडला. गुजरातचा कारभार आधी अहमदाबादेतून चालला. गांधीनगर १९७० मध्ये राजधानी झालं.

नागपूरचं दुःख वेगळं. १९५६ पर्यंत ते जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी राज्यासाठी त्याने हा मान सोडला, आणि १९५३ च्या नागपूर करारातल्या शब्दाप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन तिथे भरतं. ‘उपराजधानी’ म्हणताना मुंबईकरांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

शेजारचा गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि १९८७ मध्ये राज्य, राजधानी पणजी. तोवर तो दमण-दीवसह केंद्रशासित होता. दमण-दीव आता दादरा-नगर हवेलीला जोडलेत, २०२० पासून, राजधानी दमण. चंडीगड मात्र स्वतः केंद्रशासित असून पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे.