प्राण्यांची नसबंदी आणि पहिले शील

कुत्र्या-मांजरांची नसबंदी करणे हा पहिल्या शीलाचा भंग होतो काय, अशी शंका अनेक उपासक-उपासिकांच्या मनात असते. शस्त्रक्रियेने मुक्या जिवाला वेदना होते, त्याची प्रजननशक्ती नाहीशी होते आणि त्याची संमती तर घेताच येत नाही. म्हणून ही शंका क्षुल्लक मानता येत नाही. परंतु तिचे उत्तर रूढीत वा निव्वळ भावनेत न शोधता धम्माच्या कसोटीवर शोधणे इष्ट ठरेल.

अन्य धर्मांचा दृष्टिकोन

यहुदी परंपरा लेवीय ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायाच्या आधारे प्राण्यांचे खच्चीकरण निषिद्ध मानते. इस्लामच्या शास्त्रकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते ही ईश्वराच्या निर्मितीतील ढवळाढवळ आहे, तर हित साधत असेल आणि अपाय होत नसेल तर ती क्षम्य आहे, असे इतर मानतात. जैन श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत निर्लांछनकर्माचा, म्हणजे जनावरांना खच्ची करणे आदी कर्मांचा समावेश आहे. ईश्वराची आज्ञा वा कर्मबंधाचे भय हे या निषेधांचे आधार होत. बौद्धांना मात्र वेगळ्या आधाराने निर्णय करावा लागतो.

चेतना हीच कसोटी

तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. अट्ठकथांनी प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत : सजीव प्राणी असणे, तो सजीव आहे याची जाणीव असणे, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि त्या प्रयत्नाने घडलेला मृत्यू. नसबंदीत मारण्याचा हेतू नसतो आणि मृत्यूही अभिप्रेत नसतो. तेव्हा ती प्राणातिपात ठरत नाही. मात्र एवढ्याने ती निर्दोष ठरते असेही नाही, कारण शीलाचा प्राण मैत्री आहे आणि विनाकारण दिलेली वेदना मैत्रीच्या विरुद्धच जाते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे प्रतिपादन केले आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विवेकाने वागण्याची मोकळीक आणि त्याबरोबर जबाबदारीही देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी केलेला भेद येथे मार्गदर्शक आहे. हीच दृष्टी लावली तर प्रश्न असा उरतो : ही वेदना कोणाच्या हौसेसाठी दिली जात आहे की मोठे दुःख टाळण्यासाठी?

नसबंदीमुळे जन्माची वाट पाहणाऱ्या जिवाची संधी हिरावली जाते, असा आक्षेप काही परंपरानिष्ठ घेतात. तो आत्म्याच्या संक्रमणाची कल्पना गृहीत धरतो. अनात्मवाद स्वीकारणाऱ्यांना, आणि बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा लावलेला अर्थ मानणाऱ्यांना, हा आक्षेप बंधनकारक नाही.

सम्राट अशोकाचा दाखला

या विषयावरील ऐतिहासिक पुरावा अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर लिहविलेल्या या लेखात अष्टमी, चतुर्दशी, पंचदशी, तिष्य व पुनर्वसू नक्षत्रांचे दिवस आणि चातुर्मासीचे दिवस या काळात बैल, बोकड, मेंढे, डुक्कर यांना खच्ची करू नये, अशी आज्ञा आहे. सम्राटाने खच्चीकरण सरसकट बंद केले नाही, पण त्यावर मर्यादा घातली. त्याच्याच दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे. व्यवहाराची गरज आणि करुणा यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आहे.

आजची वस्तुस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १८ ते २० हजार माणसे रेबीजने दगावतात आणि नोंदलेल्या रुग्णांत ३० ते ६० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. बंद मोटारीतून जाणाऱ्याला या संकटाची झळ क्वचितच लागते. पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारा सफाई कामगार आणि वस्तीत उघड्यावर खेळणारे मूल यांना ती आधी लागते.

नगरपालिकांनी अनेक दशके कुत्रे मारण्याचा मार्ग अवलंबला, परंतु त्याने प्रश्न सुटला नाही. जेथे कचरा आणि अन्न आहे तेथे रिकाम्या जागी नवे कुत्रे येतात. जयपूरमध्ये १९९४ पासून कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण एकत्र राबविले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या क्षेत्रातील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांतील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. हाच मार्ग २००१ च्या केंद्रीय नियमांनी स्वीकारला आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी पुढे चालविला.

करुणेच्या मर्यादा

नसबंदी समर्थनीय आहे, पण ती कशीही केलेली समर्थनीय नाही. भूल न देता बैल बडवण्याची जुनी रीत हे निखळ क्रौर्यच होय. शस्त्रक्रिया पशुवैद्यकाने भूल देऊनच करावी, जखम भरेपर्यंत प्राण्याची शुश्रूषा व्हावी. गाभण मादीचा प्रश्न विशेष नाजूक आहे, कारण तेथे जीव धरलेला असतो. २००१ च्या नियमांनी गाभण कुत्रीचा गर्भपात वा नसबंदी न करता तिला सोडून द्यावे, असे म्हटले होते. पहिल्या शीलाशी तेच सुसंगत आहे.

येथे एक भेद विसरता कामा नये. माणूस विचार करून निर्णय घेऊ शकतो. म्हणून त्याच्या बाबतीत सक्ती अधर्म्य ठरते. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीचा अनुभव देशाने घेतला आहे. प्राणी निर्णय घेऊ शकत नाही, म्हणूनच त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याची जबाबदारी अधिक वाढते.

आपल्या घरी कुत्रा वा मांजर असेल तर त्याची वेळेवर नसबंदी व लसीकरण करावे आणि नको असलेली पिल्ले पोत्यात घालून दूर सोडण्याचे पाप टाळावे, असे आम्ही सुचवू. ती पिल्ले उपाशी मरतात, वाहनाखाली येतात. हीच खरी हिंसा आहे. वस्तीतील कचरा नियमित उचलला जावा, यासाठी नगरपालिकेकडे संघटितपणे आग्रह धरावा. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब दवाखान्यात लस घ्यावी. अंगारे-धुपारे, झाडफूक यांत वेळ गमावू नये. प्रज्ञेवाचून करुणा आंधळी होते आणि करुणेवाचून प्रज्ञा कोरडी राहते. या दोहोंचा मेळ घालणे हेच शीलपालन होय.