लघुग्रहाची वाट आणि परतीचा प्रश्न

१५ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०२५ पर्यंत लघुग्रहाकडे माणूस धाडण्याचा संकल्प सोडला. ते वर्ष उलटले. माणूस गेला नाही. मग हा संकल्प मुळातच अशक्यप्राय होता काय?

वस्तुतः तसे नाही. पृथ्वीनजीकच्या काही लघुग्रहांपाशी पोहोचण्यास चंद्रावर उतरण्याहूनही कमी इंधन पुरते. कारण त्यांचे गुरुत्वाकर्षण नगण्य असते. खरी अडचण आहे ती काळाची. १९७० साली अपोलो-१३ यानातील प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा चंद्र जवळ असल्यामुळेच तिघे अंतराळवीर चार दिवसांच्या आत सुखरूप परतले. लघुग्रहाची यात्रा कित्येक महिन्यांची. वाटेत असा प्रसंग ओढवला, तर तातडीने माघारी फिरणे नाही. शिवाय सौर वादळातील घातक प्रारणांचा मारा आहेच.

यंत्रांना हे भय नाही. बेन्नू या लघुग्रहावरील सुमारे १२१ ग्रॅम खडीमाती २०२३ साली यंत्रानेच पृथ्वीवर आणली. तेव्हा दीर्घ प्रवासातील जीवरक्षणाची साधने आधी चंद्राच्या परिसरात कसाला लागोत. परतीची शाश्वती नसता केवळ जाहीर केलेली तारीख गाठण्यासाठी माणसे धाडणे, याला साहस म्हणता येणार नाही.