तेल महागलं की देशाची वाढ का मंदावते?



पाचवीच्या वर्गात इंधन बचतीबद्दल बोलत होतो. मी म्हटलं, "पेट्रोल-डिझेल महागलं की सगळ्यांनाच झळ बसते." मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्या घरी गाडीच नाही. मग आम्हाला काय?" प्रश्न रास्त होता. मी "भाजी महागते ना!" एवढं सांगून वेळ मारून नेली. पण उत्तर अर्धवट राहिलं हे मनाला लागलं. तेच आज नीट मांडते.

टोमॅटो महागले तर आपल्या खिशाला चाट बसते, पण ते पैसे इथल्याच शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला मिळतात. तो त्यातून मुलांना कपडे घेतो, घरावर पत्रे घालतो. पैसा देशातच फिरतो. खनिज तेलाचं तसं नाही. मुंबई हाय आणि इतर क्षेत्रांतून निघणारं तेल आपल्याला पुरत नाही. गरजेच्या सुमारे ८५ टक्के कच्चं तेल इराक, रशिया, सौदी अरेबिया अशा देशांकडून विकत घ्यावं लागतं. म्हणून तेल महागलं की वाढीव पैसा देशाबाहेर जातो.

मुलांना फळ्यावर हे गणित द्या. आपण रोज ४० लाखांहून जास्त बॅरल तेल आयात करतो (१ बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर). बॅरलमागे भाव १० डॉलरने वाढला तर रोज ४ कोटी आणि वर्षाला १,४६० कोटी डॉलर जास्त मोजावे लागतात!

पुढे काय होतं ते क्रमाने पाहू.

१. डॉलरची मागणी वाढते, त्यामुळे रुपया घसरू लागतो. मग तेच तेल रुपयांत आणखी महाग पडतं.

२. डिझेल महागलं की ट्रक, ट्रॅक्टर, एसटी सगळ्यांचा खर्च वाढतो. धान्य, भाजी, सिमेंट महागतं.

३. घरात किराणा टाळता येत नाही. मग नवी सायकल, नवे बूट पुढे ढकलले जातात. दुकानात माल पडून राहतो, कारखाना उत्पादन कमी करतो, नवीन माणसं कामावर घेत नाही. वाढ मंदावते ती इथे.

४. महागाई रोखायला रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्के झाला. त्या महागाईमागे युक्रेन युद्धामुळे भडकलेले तेलाचे भाव हेही एक कारण होतं. कर्ज महाग झालं की घर बांधणारा आणि धंदा वाढवणारा दोघेही थांबतात.

याचं मोठं उदाहरण १९९०-९१ चं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तेलाचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या आसपास गेले. देशावर आधीच कर्जाचा बोजा होता, त्यात ही भर पडली. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं.

मात्र तेल महागलं की दरवेळी मंदीच येते असं मुलांना सांगू नका. २००४ ते २००८ च्या सुरुवातीपर्यंत तेल महागत गेलं, तरी आपली वाढ जोमात होती. तेव्हा साऱ्या जगातच मागणी वाढली होती, आपली निर्यातही वाढत होती. युद्धामुळे पुरवठा अडला तर मात्र बिल वाढतं, कमाई वाढत नाही. म्हणून 'भाव का वाढला?' हा प्रश्न आधी विचारायला शिकवा.

आता त्या मुलीचं उत्तर. ज्या घरात कमाईचा बराचसा भाग जेवणावरच जातो, तिथे भाजी-धान्य महागलं की कात्री लावायला दुसरं काही उरत नाही. काम कमी झालं तर आधी रोजंदारीवरचा माणूस घरी बसतो. म्हणजे गाडी नसलेल्या घरालाच झळ जास्त बसते.

पालकांनो, एक उपक्रम करून बघा. या आठवड्यात घरात आलेल्या दहा वस्तूंची यादी मुलांना करू द्या. त्यातल्या किती वस्तू डिझेलच्या गाडीतून आल्या ते त्यांनाच शोधू द्या. माझ्या वर्गाला मी उद्या हाच गृहपाठ देणार आहे, आणि सुरुवात त्या मागच्या बाकापासून करणार आहे.