दगडावरचे डाव, खडूचे पट

पटावरचे खेळ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना चारच नावं आठवतात: बुद्धिबळ, ल्यूडो, सापशिडी आणि व्यापार. कॅरम पाचवं. चार मित्र जमले, पाऊस लागलाय, वीज गेलीय, आणि तोच तो ल्यूडो बाहेर निघतो. मग कोणीतरी म्हणतं, काहीतरी वेगळं शोधू या. हल्ली पुण्यात अशा खेळांचे कॅफे आहेत, ऑनलाइन मागवले तर परदेशी खेळांचे देखणे डबे घरपोच येतात. पण एकेका डब्याला काही हजार रुपये पडतात, आणि नियमांची पुस्तिका वाचण्यातच निम्मी संध्याकाळ जाते. त्या डब्यांबद्दल आमची तक्रार नाही. आज मात्र आम्ही दुसऱ्या टोकापासून, म्हणजे आपल्या पायाखालून सुरुवात करणार आहोत.

पायाखालून हे शब्दशः घ्या. जुन्या देवळाचा ओटा, घाटाच्या पायऱ्या, किल्ल्यावरच्या देवडीतली पहारेकऱ्यांची बसायची जागा, लेण्यातली जमीन, अशा ठिकाणी वाकून पाहिलंत तर दगडात कोरलेल्या रेघा किंवा खळगे दिसू शकतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात असे खळगे आहेत, नाशिकच्या पांडवलेण्यातही आहेत. दोन समांतर रांगांमध्ये वाटीएवढे खळगे दिसले, तर तो बहुधा मंकळ्याचा पट. खळग्यांत चिंचोके भरायचे, एका खळग्यातले उचलायचे आणि पुढच्या प्रत्येकात एकेक पेरत जायचं. आफ्रिकेपासून तामिळनाडूपर्यंत या जातीचे खेळ आजही खेळले जातात. कर्नाटकात त्याला अळिगुळि मणे म्हणतात, तामिळनाडूत पल्लांगुळी.

इथे एक सावधगिरी हवी. लेणं दोन हजार वर्षांपूर्वीचं, म्हणून पटही दोन हजार वर्षांपूर्वीचा, असं म्हणता येत नाही. कोरलेल्या रेघेवर तारीख लिहिलेली नसते. नाणेघाटातून शतकानुशतकं व्यापाऱ्यांचे तांडे गेले, त्यांतल्या कुठल्या पिढीनं विसाव्याच्या वेळी छिन्नी उचलली हे नुसतं बघून कळत नाही. समाजमाध्यमांवर 'सातवाहनांचा बोर्ड गेम' अशा मथळ्याची छायाचित्रं फिरतात, ती जरा बेतानंच घ्यावीत.

एकात एक तीन चौकोन आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा दिसल्या, तर ती नवकंकरी. चोवीस बिंदू, प्रत्येकाकडे नऊ खडे. आळीपाळीनं खडे मांडायचे, मग रेघेवरून सरकवायचे. आपले तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. ज्याच्याकडे दोनच उरले तो हरला. युरोपातही हा खेळ शेकडो वर्षं चालत आलाय. 1993 मध्ये राल्फ गॅसर यांनी संगणकानं तो पूर्ण सोडवला. दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो! पण चहा पिता पिता बिनचूक खेळणारा आम्हाला अजून भेटायचाय.

मित्रांसोबत पहिल्यांदा काहीतरी विचित्र खेळून बघायचं असेल, तर आमची शिफारस वाघ-बकरीची. यात दोन्ही बाजू सारख्या नसतातच. दक्षिणेतल्या प्रकारात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या, नेपाळच्या बाघचालमध्ये पंचवीस बिंदूंवर चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या जागी उडी मारून तिला खातो. बकरीला कोणालाच मारता येत नाही. तिच्याकडे फक्त संख्या आहे. वाघांना हलायला जागाच उरणार नाही असं त्यांना कोंडणं, हाच तिचा विजय. नवखा माणूस हमखास वाघ मागून घेतो, आणि बकऱ्यांकडे जरा शिस्तीचा खेळाडू बसला असेल तर थोड्याच वेळात त्याचे वाघ कोपऱ्यात बसलेले असतात. डाव संपला की बाजू बदला. त्याच पटावर जणू दुसराच खेळ सुरू होतो. आजचे खेळ रचणारे असमान बाजूंच्या खेळांचं मोठं कौतुक करतात, आपल्याकडे गुराख्यांची पोरं ते मातीत रेघा ओढून खेळत होती.

आता चल्लस-आठ. कोणी अष्टाचल्लस म्हणतं, कोणी नुसतंच 'पट मांडू या' म्हणतं. पाच बाय पाच घरं, चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मध्यभागी फुली. चार कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या तितकं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा फेकायला मिळतं. सोंगटी बाहेरच्या सोळा घरांतून फिरते, मग उलट दिशेनं आतल्या आठांतून, शेवटी मध्यात. मेख अशी की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही. त्यामुळे ल्यूडोसारखं स्वतःपुरतं पळत राहणारा इथे बाहेरच घिरट्या घालत बसतो. भांडणं होतात, आणि ती व्हावीत अशीच या खेळाची रचना आहे.

कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घ्या, एक बाजू पांढरी, एक काळी. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली तर सोळा फेकींमागे दोन पडण्याच्या सहा, एक आणि तीनच्या प्रत्येकी चार, चारची एक आणि आठची एक. फाशावर सहाही आकडे सारख्याच शक्यतेनं येतात, इथे तसं नाही. 'दोन घरं मागे असलेली सोंगटी सर्वांत धोक्याची' हे आजीला कोणी गणितानं शिकवलेलं नसतं, पण ती खेळते तशीच. खरी कवडी मात्र नाण्यासारखी समतोल नसते, त्यामुळे प्रत्येक घरच्या कवड्यांचा स्वभाव वेगळा.

सारीपाटाबद्दल थोडक्यात, कारण तो तुम्हाला ऐकून माहीत आहे. वेरूळच्या एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. जेजुरीच्या कथेत खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरतो, पैजेप्रमाणे बारा वर्षं घर सोडतो आणि बाणाईच्या वाड्यावर चाकर होऊन राहतो. तीन लांबट फाशांवर एक, सहा, सहा पडले की पौबारा. हा शब्द आपण रोज वापरतो, पट मात्र घरात नसतो. पचिशीवरून बेतलेल्या ल्यूडोचं 1896 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट निघालं आणि तो आपल्याकडे परत आला, तेव्हा पडलेलं दान कोणत्या सोंगट्यांत कसं वाटायचं याचा बराचसा विचार वाटेत गळून गेला होता. हे आमचं मत आहे, ल्यूडोप्रेमींनी रागावू नये.

हे सगळं लिहून ठेवलंय का? काही अंशी. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात क्रीडांसाठी स्वतंत्र भाग आहे, त्यात बुद्धिबळ, फासे, कवड्या सगळं येतं. औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी 1871 मध्ये 'क्रीडाकौशल्य' रचलं, त्यात कितीतरी खेळ नियमांसह आहेत. म्हैसूरला रामसन्स कला प्रतिष्ठान याच नावानं पटखेळांची प्रदर्शनं भरवतं. जुने फासे आणि सोंगट्या बघायच्या असतील तर लांब जायला नको, बाजीराव रस्त्याजवळचं राजा केळकर संग्रहालय आहेच. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असं सांगतात. त्याला समकालीन पुरावा नाही, पण पट खरा आहे. सापांना अवगुणांची नावं आणि शिड्यांना सद्गुणांची. नव्यातलंही एक नाव घेतो. 2019 मध्ये लोकवर्गणीतून आलेला मुंबईचा 'शासन' खेळाडूंना निवडणुकीतले राजकारणी बनवतो. राजकारणावरून लगेच तापणारे मित्र असतील, तर जपून.

आता खरी अडचण. वस्तू संग्रहालयात राहते, पुस्तक ग्रंथालयात राहतं, दगडातला पट मात्र उघड्यावर असतो. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, ओट्यावर गुळगुळीत फरशी बसते आणि पट खाली गाडला जातो. कोणी मुद्दाम करत नाही, त्या रेघा कशाच्या हे कोणाला ठाऊकच नसतं. काही ठिकाणी तर त्या गुप्तधनाच्या खुणा आहेत अशी समजूत पसरते आणि लोक दगडच उकरतात.

तेव्हा पुढच्या रविवारी ट्रेकला जाल तेव्हा पट दिसला तर एक फोटो वरून सरळ काढा, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवा, जागा नीट लिहून ठेवा. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, तेल, रंग काहीही लावू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या आपोआप दिसतात. गावात साठी-सत्तरीच्या पुढचं कोणी भेटलं तर विचारा, इथे काय खेळायचात, कसं खेळायचात. एकाच तालुक्यात तीन वेगळे नियम ऐकायला मिळतील. तिन्ही लिहून घ्या, कुठला बरोबर हे ठरवायची घाई करू नका. आणि घरी आल्यावर गच्चीवर खडूनं तोच पट आखा, चिंचोके फोडा, आणि पहिल्या डावात बकऱ्या तुम्ही घ्या.