घरातल्या घरात सायकल : ट्रेनर निवडताना

पहाटे उस्मानपुऱ्यातून निघून दौलताबादच्या घाटापर्यंत सायकल दामटायची, हा अनेक हौशी सायकलस्वारांचा नेम. परंतु पावसाळा लागला, वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी आली किंवा जालना रस्त्यावरील वाहतुकीची धास्ती बसली, की हा नेम मोडतो. अशा वेळी आठवण होते ती ‘ट्रेनर’ची. व्यायामशाळेतील स्थिर सायकलीहून हे साधन वेगळे. येथे सायकल आपली स्वतःचीच असते. ट्रेनर तिला फक्त जागेवर धरतो आणि पेडल मारताना रस्त्यासारखा रोध देतो. मात्र किमतीकडे पाहून घेतलेला ट्रेनर पुष्कळदा महिनाभरात कपडे वाळत घालण्याच्या कामी येतो. आपली सायकल आणि आपली खोली या दोन गोष्टींनी ही निवड ठरवावी.

सर्वांत जुना व साधा प्रकार रोलरचा. एका चौकटीत तीन रूळ असतात आणि त्यांवर सायकल मोकळी चालवायची असते. तोल स्वतःच सांभाळावा लागत असल्याने पेडलिंग सफाईदार होते. नवख्याने मात्र दाराच्या चौकटीत किंवा भिंतीलगतच सुरुवात करावी. दिवसभराच्या कामानंतर थकून बसणाऱ्याला हा प्रकार मानवेलच असे नाही.

अधिक प्रचलित प्रकारात सायकलीचे मागचे चाक लोखंडी स्टँडमध्ये आवळतात व टायर एका छोट्या रुळावर टेकतो. या रुळाला रोध कशाने मिळतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. पंख्याच्या ट्रेनरमध्ये हवा रोध देते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. अनुभव रस्त्यासारखा, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचे शेजारी पहाटे साडेपाचला दार ठोठावतील. चुंबकीय ट्रेनर त्या मानाने शांत आणि स्वस्त. धातूची चकती चुंबकांजवळून फिरताना तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात व ते तिच्या गतीला अडवतात. परंतु वेग वाढवला तरी येथे रोध हवेप्रमाणे झपाट्याने चढत नाही. तो बदलायचा तर हँडलवरील खटका सरकवावा लागतो. तिसऱ्या प्रकारात बंद डबीतील दाट तेलात पाते फिरते. जितके जोरात पेडल माराल तितका रोध आपोआप वाढतो, खटका नको आणि आवाजही बेताचा. सदनिकेत राहणाऱ्या सर्वसाधारण सायकलस्वाराला आमच्या मते हाच सर्वांत सोयीचा. तेल तापेपर्यंत रोध थोडा बदलत राहतो, म्हणून पहिली दहा मिनिटे हलकी चालवावीत.

या तिन्हींत टायर झिजतो. खडबडीत नक्षीचे टायर असलेल्या डोंगरी सायकली तर रुळावर मोठा घरघराट करतात. त्यांना गुळगुळीत टायर बसवणे भाग आहे.

चौथ्या प्रकारात मागचे चाक काढून सायकल थेट यंत्रावर बसवतात. टायरचा प्रश्न मिटतो आणि आवाजही बराच घटतो. यांतील ‘स्मार्ट’ यंत्रे शक्ती वॉटमध्ये मोजतात व पडद्यावर चढ आला की रोध स्वतःहून वाढवतात. लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी २०२० मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ची आभासी आवृत्ती अशाच यंत्रावर, घराबाहेर न पडता बारा दिवस सायकल चालवून पूर्ण केली आणि तिसरा क्रमांक मिळवला. एवढा पल्ला गाठायचा नसेल, तर इतका खर्च करावा का, याचा विचार व्हावा. शिवाय यातील बहुतेक यंत्रांना वीज लागते. वीज गेली की पडद्यावरचा घाट मध्येच संपतो.

विजेचा विषय निघालाच आहे, तर पंख्याबद्दल सांगितले पाहिजे. ट्रेनरखरेदीत सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी वस्तू हीच. सायकल चालवताना शरीर खर्च करत असलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. म्हणजे पेडलवर १५० वॉट देणारा माणूस सुमारे साडेचारशे वॉटचा हीटर असतो. रस्त्यावर समोरचा वारा ही उष्णता वाहून नेतो. बंद खोलीत तसे होत नाही. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी असा व्यायाम करणे धोक्याचे आहे. पहाटेची वेळ, समोर मोठा उभा पंखा, हाताशी पाण्याची बाटली आणि चक्कर किंवा मळमळ जाणवताच थांबणे, ही पथ्ये पाळावीत. घामातील मिठाने हँडलखालचे बोल्ट गंजतात. तेथे टॉवेल टाकावा. खाली जाड रबरी चटई हवी, कारण कंपने लाद्यांतून थेट खालच्या घरात उतरतात.

दुकानात जाताना सायकल सोबतच न्यावी. साध्या सायकलींच्या मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी नट असतात, तर बहुतेक स्टँड झटपट सुटणाऱ्या खिळीसाठी बनवलेले असतात. तेथे वेगळे नट लागतात. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींत जाड, आरपार आस असतो व त्यासाठी जोडसाहित्य घ्यावे लागते. चाक काढून बसवायच्या यंत्रावर तर मागच्या दातेरी चक्रांची संख्याही आपल्या गिअरशी जुळली पाहिजे; ही चक्रे काही यंत्रांसोबत येतच नाहीत, त्यामुळे त्यांचे पैसे वेगळे पडतात.