निटिनॉलची तार आणि वेळेचा हिशेब

निटिनॉल हा निकेल आणि टायटॅनियम यांचे अणू जवळजवळ समसमान असलेला मिश्रधातू. अमेरिकी नौदलाच्या मेरीलँडमधील प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९च्या सुमारास त्याचा अभ्यास सुरू केला. थंड असताना वाकवून मग तापवला की तो मूळ आकार धरतो. काही तारा तर नेहमीच्या तापमानालाच सहा-आठ टक्के ताणून सोडल्या तरी पूर्ववत होतात; साधे पोलाद अर्धा टक्का ताणले तरी बहुधा कायमचे लांबते. यामागे अणूंच्या दोन रचना आहेत: उष्ण अवस्थेतील ऑस्टेनाइट आणि थंड किंवा ताणलेल्या अवस्थेतील मार्टेन्साइट.

महाराष्ट्रात या धातूचे ठळक काम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे. ‘तेजस’ विमानातील हायड्रॉलिक नळ्या जोडण्यासाठी तिथे निकेल-टायटॅनियम-लोहाची कडी विकसित झाली. कड्याचा आतला व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित कमी ठेवतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात थंड करून ते रुंदावतात आणि गार असतानाच दोन नळ्यांच्या तोंडांवर सरकवतात. हवेत तापता तापता ते नळ्यांना करकचून आवळते. वेल्डिंगची गरज उरत नाही. नायट्रोजनमधून बाहेर काढल्यापासून कडे आवळेपर्यंतचा वेळ मोजकाच, तेवढ्यात जोड नेमका बसवावा लागतो. लोहामुळे रूपांतराचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, म्हणून उंचावरच्या गारठ्यातही पकड सैल पडत नाही.

या धातूत वेळेचा परिणाम कुठून येतो, हे मात्र जरा फसवे प्रकरण आहे. अणूंची रचना बदलण्याची क्रिया अतिशय वेगवान असते. तिला वाट पाहावी लागत नाही. वेळ लागतो तो उष्णतेला. तार ताणताना मार्टेन्साइट तयार होतो आणि उष्णता बाहेर पडते. सावकाश ताणले तर ती हवेत निघून जाते आणि ताण जवळपास स्थिर राहतो. झटक्यात ताणले तर तार तापते आणि पुढे ताणायला जास्त बळ लागते. मध्येच थांबून टोके घट्ट धरली, तर तार निवते तसा ताण उतरतो. सोडताना उलटे घडते: तार थंड होते, आणि अर्ध्यावर धरून ठेवली की ताण हळूहळू चढतो. बारीक तार लवकर निवते, जाड सळई उशिरा. म्हणून तारेवर घेतलेली मोजमापे सळईला सरसकट लावणे धोक्याचे.

हवामानही हिशेबात धरावे लागते. नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर सातपुड्यातल्या डाबसारख्या गावी कडक थंडीत दवबिंदू गोठतात. निटिनॉलच्या रूपांतराला लागणारा ताण दर अंशाला ढोबळमानाने सहा-सात मेगापास्कलने वाढतो. म्हणजे चाळीस अंशांच्या फरकाने तो दोनशे मेगापास्कलहून अधिक बदलेल. उघड्यावरच्या पुलात भूकंपाचे हादरे शोषण्यासाठी अशी तार बसवायची, तर दोन्ही टोकांचे ऋतू तपासायलाच हवेत.

पुन्हा पुन्हा ताणल्याचा परिणाम निराळा. प्रत्येक फेरीत थोडी लांबी परत येत नाही, रूपांतराचा ताणही खाली येतो. हा बदल सुरुवातीच्या फेऱ्यांत मोठा असतो, पुढे मंदावतो. त्यामुळे अशा तारा बसवण्याआधीच मुद्दाम अनेकदा ताणून स्थिर करून घेतात. खरी विसर्पण क्रिया, म्हणजे स्थिर भाराखाली धातू सरकत राहणे, निटिनॉलमध्ये काही शे अंशांच्या वर गेल्यावरच महत्त्वाची ठरते.