दुष्काळ आधी काय खातो?

पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून धान्य नाही, धान्य नाही म्हणून उपासमार. किती सरळ हिशेब! आपण तो शाळेपासून मान्य करून बसलोय. गंमत अशी, की भूक या क्रमाने येतच नाही.

एखाद्या भूमिहीन शेतमजुराचं घर बघा. जुलै कोरडा गेलाय. वाण्याकडे गेल्या हंगामातली ज्वारी अजून पोत्यांत आहे, बाजारात खडखडाट व्हायला बराच अवकाश आहे. पण पेरणीच झाली नाही, तर श्रावणात खुरपायला जायचं कुणाच्या रानात? पुढे कापणी कशाची आणि मळणी कशाची? गावातलं धान्य संपायच्या कितीतरी आधी या घरातली मजुरी संपलेली असते. दुष्काळ आधी रोजगार खातो. धान्याकडे तो सावकाश वळतो.

आणि रोजगार तरी फक्त शेतातला? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते. पुढे अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी त्या वर्षाचे आकडे उकरून काढले, तर त्यांच्या हिशेबाने १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेलं धान्य १९४१ पेक्षा जास्तच भरलं! आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ नव्हता. मग मेलं कोण? शेतमजूर, मासेमार, कारागीर आणि चक्क न्हावी. न्हाव्याचं काय बुडालं होतं? त्याला शेत नव्हतं, वस्तराही जागेवर होता. पण पोटाला चिमटा बसला की माणूस आधी हजामत पुढे ढकलतो. इकडे गिऱ्हाईक आटलं, तिकडे तांदूळ महागला. कात्रीची दोन पाती जवळ येतात तशा या दोन गोष्टी आल्या आणि मधे सापडला तो न्हावी.

आपल्याकडे ही कात्री बैलबाजारात दिसते. कडबा संपला की अल्पभूधारक शेतकरी दावणीचा बैल बाजारात नेतो. पण चारा सगळ्यांचाच संपलेला! सगळे विकणारे, घेणारा एखादाच. बैलाचा भाव कोसळतो, ज्वारीचा चढतो. ज्याच्या विहिरीला पाणी आणि गाठीला पैसा, तो पडेल भावात बैल घेतो, जमलं तर जमीनही. पुढच्या जूनमध्ये झकास पाऊस होतो, दुष्काळ हटला म्हणून सगळे मोकळे होतात. खरी मेख इथेच आहे. आता नांगरायला बैल सगळ्यांनाच हवाय, म्हणजे तोच बैल महाग! पाऊस दोघांच्या रानात सारखाच पडला, पण दोघांमधलं अंतर वाढलं ते वाढलंच.

मग दुष्काळाने मजुरीच खाल्ली असेल, तर आधी मजुरीच परत दिली तर? महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात हेच केलं. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ मध्ये या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती! कामावर खायला मिळणारी सुकडी त्या पिढीला अजून आठवते. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीबद्दल मात्र कुणी बरं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आता यातलं नवल बघा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर तेव्हा निर्बंध होते. तरीही धान्य चोरवाटांनी महाराष्ट्रात येत राहिलं. का? कारण इथल्या मजुराच्या हातात आता पैसे होते आणि व्यापाऱ्याला पैशांचा वास लांबून येतो. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या काळाचा अभ्यास केला. त्यांना आढळलं, की खाणं सगळ्यांचंच कमी झालं, पण ती घट एकट्या मजुरावर कोसळली नाही. मोठ्या शेतकऱ्यापासून भूमिहीनापर्यंत ती बरीचशी सारखी वाटली गेली. एवढं मोठं संकट आणि त्याचा भार असा विभागला जावा, ही मला बंगालच्या आकड्यांहून थक्क करणारी गोष्ट वाटते.

मागेल त्याला काम, ही कल्पना त्याआधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला होता. दुष्काळानंतर तिला कायद्याचं बळ आलं: १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा आला.

पण पैसा कुठून आणला? तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप काढा. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, ‘व्यवसाय कर’ म्हणून बहुधा कापलेले सापडतील. १९७५ चा हा कर मुळात रोजगार हमीचा खर्च भागवायला बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा दुष्काळी तालुक्यातल्या मस्टरवर मजुरी म्हणून चढायचा, आणि मजुराला तो भीक म्हणून नव्हे, केलेल्या कामाचा म्हणून मिळायचा.